प्राणिसंग्रहालयांतील सिंहपुच्छ माकडे का घटत आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम घाटातील माकडांवर पुण्यातील शाळांत आणि निसर्गमंडळांत बोलणे झाले की पुढचे काही आठवडे श्रोत्यांची पत्रे येत राहतात. त्यांतील बहुतेक प्रश्न सिंहपुच्छ माकडाविषयी असतात आणि त्यातही एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो: पिंजऱ्यात खायला मिळते, औषधपाणी होते, शिकारीची भीती नसते, तरीही हा प्राणी तिथे कमी का होतो? त्या पत्रांतून निवडलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आधी सोपे आणि नंतर गुंतागुंतीचे, असा त्यांचा क्रम आहे.

१. सिंहपुच्छ माकड नेमके कोणते? आपल्याकडे घाटात दिसते तेच का?

नाही. पुण्याच्या आसपासच्या घाटांत आणि गडांवर गाड्यांभोवती जमणारी, डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस असलेली माकडे ही बॉनेट मकाक जातीची आहेत, आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. सिंहपुच्छ माकड या दोहोंहून वेगळे आहे. त्याचे अंग काळेभोर व चकचकीत असते, चेहऱ्याभोवती रुपेरी करड्या केसांची आयाळ असते आणि आखूड शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा असतो. बॉनेट मकाक त्याच्याच मकाक कुळातील नातलग असला तरी दोघांच्या सवयी फार निराळ्या आहेत. सिंहपुच्छ माकड जवळजवळ सारे आयुष्य सदाहरित जंगलाच्या शेंड्यांवर काढते. फळे, बिया व कीटक यांवर ते जगते आणि माणसापासून शक्यतो दूर राहते. जगात ते फक्त कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू येथील पश्चिम घाटात आढळते. आज त्याची उत्तरेकडील हद्द उत्तर कन्नड जिल्ह्यात संपते, त्यामुळे महाराष्ट्रातील जंगलात ते पाहिल्याचे कोणी सांगितले, तर आधी छायाचित्र मागावे.

२. केरळच्या सहलीत आम्ही काळे माकड पाहिले. ते हेच असेल ना?

असेलच असे नाही. त्याच जंगलात निलगिरी वानरही असते आणि तेही काळेच असते. शेपटी लांब व गोंड्याविना असेल आणि डोक्यावरचे केस पिवळट तपकिरी असतील, तर ते निलगिरी वानर समजावे.

३. जंगलात आता किती माकडे उरली आहेत?

सर्व वयांची मिळून चार हजारांहून कमी आणि त्यांतील प्रौढ अडीच हजारांहून कमी, असा आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेचा, म्हणजे आययूसीएनचा अंदाज आहे. संघटनेने या प्राण्याला ‘संकटग्रस्त’ वर्गात ठेवले आहे. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. पण एकूण आकड्यापेक्षा तो किती तुकड्यांत विभागला आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. चहा, कॉफी व वेलदोड्यांचे मळे, रस्ते आणि धरणे यांनी जंगलाची बेटे केली आहेत, आणि जमिनीवर उतरायला नाखूश असलेल्या या माकडाला एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाता येत नाही.

४. प्राणिसंग्रहालयात तर सगळी काळजी घेतली जाते. मग तिथे संख्या घटते कशी?

बहुतेकांना वाटते की बंदिवासात ही माकडे आजारी पडत असावीत किंवा त्यांना पिल्ले होत नसावीत. तसे झालेले नाही. १९८० च्या दशकात उत्तर अमेरिकेत आणि पाठोपाठ युरोपात या जातीचे नियोजनबद्ध प्रजनन सुरू झाले, तेव्हा ती चांगली वाढली. इतकी की ती ठेवायची कोठे, असा प्रश्न पडला. तेव्हा संग्रहालयांनीच प्रजननावर मर्यादा घातल्या. माद्यांना गर्भनिरोधके दिली, नर वेगळे केले, काही ठिकाणी तर ही जात ठेवणेच बंद केले. पुढे काही वर्षांनी लक्षात आले की समूह म्हातारा झाला आहे आणि हवी तेव्हा पिल्ले होत नाहीत. उत्तर अमेरिकेतील समूह असाच आक्रसत गेला. म्हणजे या घटीच्या मुळाशी रोगापेक्षा निर्णय अधिक आहेत. ते निर्णय त्या त्या वेळी अवाजवी नव्हते; मात्र प्राण्यांचा समूह हवा तेव्हा थांबवता आणि हवा तेव्हा चालू करता येतो, हे त्यांमागील गृहीतक चुकीचे होते, असे माझे मत आहे. कारणे प्रश्न ५ मध्ये आणि परिणाम प्रश्न ६ मध्ये दिले आहेत.

५. दुर्मीळ प्राण्याचे प्रजनन कोणी मुद्दाम थांबवते का? त्यामागे काय कारण होते?

पहिले कारण जागेचे. सिंहपुच्छांचा कळप म्हणजे साधारणपणे एक प्रौढ नर, अनेक माद्या आणि त्यांची पिल्ले. माद्या जन्मभर आपल्या कळपात राहतात, तर नर वयात आले की बाहेर पडतात. जंगलात हे आपोआप घडते. पिंजऱ्यात मात्र बाहेर पडणाऱ्या नरासाठी दुसरा पिंजरा शोधावा लागतो. जन्मणाऱ्या पिल्लांत नर व माद्या साधारण सारख्या, पण एका कळपाला प्रौढ नर एकच पुरतो, म्हणून दर पिढीत ‘जास्तीचे’ नर उरतात. त्यांच्यापायी संग्रहालयांचे हात बांधले जातात.

दुसरे कारण वंशाचे. १९७० च्या दशकात भारताचा वन्यजीव कायदा आणि वन्यजीवांच्या व्यापारावर बंधने घालणारा सायटीस हा आंतरराष्ट्रीय करार लागू झाल्यावर जंगलातून नवी माकडे परदेशी जाणे थांबले. ते योग्यच होते, पण त्यामुळे परदेशी समूह मोजक्या मूळ माकडांच्या संततीवर उभा राहिला. त्यांतील काहींची पुष्कळ पिल्ले झाली आणि काहींचे एकही नाही. ज्यांची वंशावळ जास्त पसरली होती, त्यांचे प्रजनन थांबवून दुर्लक्षित वंशांना वाव देणे शास्त्राला धरूनच होते. यासाठी वापरतात ती पद्धत प्रश्न ८ मध्ये पाहा.

तिसरे कारण स्पर्धेचे. एका मोठ्या माकडाच्या जागेत दुसरी कोणती तरी संकटग्रस्त जात ठेवता येते आणि संग्रहालयांच्या समित्या दर काही वर्षांनी कोणती जात ठेवायची व कोणती सोडायची, हे ठरवतात. मकाक कुळातील माकडे या यादीत मागे पडली. त्यामागे भीतीही होती. तिच्याविषयी प्रश्न १० मध्ये लिहिले आहे.

६. थांबवले होते, तर पुन्हा सुरू करावे. त्यात अवघड काय?

मूळ अडचण या जातीच्या संथपणाची आहे. सिंहपुच्छ मादीचा गर्भकाळ सुमारे १७० दिवसांचा असतो आणि ती एका वेळी एकच पिल्लू देते. बंदिवासात पहिले पिल्लू साधारण पाचव्या वर्षाच्या सुमारास होते; जंगलात त्याहून उशिरा, आणि तिथे दोन पिल्लांतील अंतरही अडीच-तीन वर्षांचे असते. अशा जातीत आठ-दहा वर्षे पिल्ले होऊ दिली नाहीत, तर एक संपूर्ण पिढी गळते. माकडे बंदिवासात तिशी ओलांडू शकतात, म्हणून संख्या मात्र लगेच घटत नाही आणि नोंदीत सारे ठीक दिसते. मुले परदेशी गेलेल्या आणि आजी-आजोबाच मागे राहिलेल्या पेठेतील वाड्यासारखी ही स्थिती असते: घर भरलेले दिसते, पण पुढच्या वीस वर्षांचा हिशेब मांडला की धक्का बसतो.

दुसरी अडचण शरीराची. संप्रेरकांवर आधारलेली गर्भनिरोधके काढली म्हणजे प्रत्येक मादी पूर्ववत होते, असे नाही. काहींना फार वेळ लागतो, काही तोवर वयाने पुढे गेलेल्या असतात. हत्ती आणि गेंडे यांच्या बाबतीत तर दीर्घकाळ गर्भ न राहिलेल्या माद्यांच्या गर्भाशयात विकार निर्माण होतात, हे चांगले नोंदवले गेले आहे.

तिसऱ्या अडचणीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माकडांत आईपण बऱ्याच अंशी पाहून शिकले जाते. कळपातील तरुण माद्या इतरांची पिल्ले उचलतात, खेळवतात, आईने पिल्लाला कसे धरले आहे ते पाहतात. ज्या कळपात वर्षानुवर्षे पिल्लूच जन्मले नाही, तिथे वाढलेल्या मादीला पहिले पिल्लू झाले की ती गोंधळते, उलटे धरते किंवा टाकून देते. अशी पिल्ले दगावली की नोंदवहीत ‘जन्म’ आणि ‘मृत्यू’ अशा दोनच ओळी येतात. कारण कळपाच्या रिकाम्या बालपणात होते, हे तिथे लिहिलेले नसते. शिवाय जास्तीच्या समजून काही माद्या आई-बहिणींपासून तोडून दुसऱ्या संग्रहालयात पाठवल्या जातात. मादीवंशावर उभ्या असलेल्या कळपाची घडी अशाने मोडते आणि अनोळखी माद्यांत मारामाऱ्या होतात.

७. एका संग्रहालयात वीस माकडे असली, तर प्रजननासाठी वीस मोजायची ना?

नाही. वंशाच्या दृष्टीने किती माकडे खरोखर ‘चालू’ आहेत, हे नर-मादीच्या प्रमाणावर अवलंबून असते. नरांच्या संख्येला माद्यांच्या संख्येने गुणून आलेल्या आकड्याची चौपट करावी आणि तिला दोहोंच्या बेरजेने भागावे, असे साधे सूत्र आहे. एक नर आणि नऊ माद्या असतील, तर उत्तर ३.६ येते, पाच नर आणि पाच माद्या असतील, तर १०. पहिल्या कळपात दर पिढीला सुमारे १४ टक्के आनुवंशिक विविधता गळते, दुसऱ्यात ५ टक्के. आता म्हाताऱ्या माद्या आणि प्रजनन न करणारे नर वजा करा. पाटीवर लिहिलेल्या वीस माकडांचे काय उरते, ते ज्याचे त्याने पाहावे. या जातीचा स्वाभाविक कळप एकनरी असल्याने समान संख्येत नर-माद्या ठेवणे हा व्यवहार्य उपाय नाही. त्याऐवजी अनेक कळप ठेवून नर ठरावीक काळाने बदलावे लागतात.

८. वंशनोंदवही म्हणजे काय आणि तिचा उपयोग कसा होतो?

एका जातीच्या प्रत्येक बंदिवान प्राण्याचा क्रमांक, आईबाप, जन्म, स्थलांतर आणि मृत्यू यांची एकत्र नोंद म्हणजे वंशनोंदवही. तिच्यावरून प्रत्येक माकडाचे उरलेल्या समूहाशी सरासरी नाते किती जवळचे आहे, हे काढतात. ज्याचे नातेवाईक कमी, त्याला प्रजननात प्राधान्य. शंभर वर्षांनंतरही मूळ विविधतेचा ९० टक्के भाग टिकावा, हे जगभर मानले गेलेले उद्दिष्ट आहे. पद्धत उत्तम आहे. पण ती भरपूर पिल्ले होत राहतील, असे धरून चालते. कागदावर सर्वांत मोलाची ठरलेली मादी अठरा वर्षांची असेल आणि तिला दूरच्या शहरात, अनोळखी नराकडे पाठवावे लागणार असेल, तर नोंदवहीतील आकडा बरोबर असूनही पिल्लू होत नाही. विविधता जपण्याच्या नादात आधी संख्याच गमावली जाते, ती अशी.

९. जास्तीचे नर एकत्र ठेवता येत नाहीत का?

येतात. केवळ नरांचे गट अनेक संग्रहालयांनी यशस्वीपणे ठेवले आहेत. ते लहान वयात एकत्र आणलेले असावेत आणि त्यांना माद्या दिसू नयेत, हे पथ्य पाळावे लागते.

१०. या माकडांपासून माणसाला जीवघेणा विषाणू होतो, हे खरे आहे का?

मकाक माकडांत ‘हर्पिस बी’ नावाचा विषाणू नैसर्गिकरीत्या असू शकतो. माकडांना त्याचा विशेष त्रास होत नाही, पण माणसाला तो झाला आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत, तर मेंदूला सूज येऊन मृत्यू ओढवू शकतो. अशी लागण अतिशय दुर्मीळ आहे. १९९७ साली अमेरिकेतील अटलांटा येथे एका तरुण संशोधिकेच्या डोळ्यात ऱ्हीसस माकडाकडून दूषित द्रव उडाला आणि तिचा मृत्यू झाला. त्या घटनेचा सिंहपुच्छ माकडाशी संबंध नव्हता, परंतु कुळ एकच असल्याने अमेरिकेतील संग्रहालयांत मकाक ठेवण्याविषयीची धास्ती वाढली. जाळीबाहेर उभ्या असलेल्या प्रेक्षकाने घाबरण्याचे कारण नाही. धोका चावा, ओरखडा आणि शरीरद्रव यांचा असतो, आणि तो कर्मचाऱ्यांना असतो.

११. भारतातील संग्रहालयांत काय परिस्थिती आहे?

१९९२ साली स्थापन झालेले केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आपल्याकडे संकटग्रस्त जातींच्या संवर्धन-प्रजननाचे नियोजन करते. सिंहपुच्छासाठी चेन्नईजवळील वंडलूर येथील अरिग्नार अण्णा प्राणिसंग्रहालयाकडे समन्वयाची जबाबदारी असून म्हैसूर व तिरुवनंतपुरम येथील संग्रहालये त्यात सहभागी आहेत. भारताला दोन गोष्टींचा मोठा फायदा आहे: हवामान जवळपासचे आहे, आणि जंगलातून सुटका केलेली किंवा जखमी अवस्थेत आलेली माकडे अधूनमधून समूहात येतात, त्यामुळे नवे रक्त मिळते. तोटा असा की पूर्वी अनेक संग्रहालयांत एक-दोन माकडे सुटी ठेवली जात. अशी एकटी माकडे संख्येत दिसतात, प्रजननात नसतात.

१२. परदेशातील माकडे परत आणून आपला समूह वाढवता येईल का?

कायद्याने अशक्य नाही. ही जात सायटीसच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने व्यापारी देवघेव होत नाही, पण संवर्धनासाठी दोन्ही देशांच्या परवानगीने संग्रहालयांत अदलाबदल होऊ शकते. तथापि एकटा प्राणी आणण्यापेक्षा मादी, तिच्या लेकी आणि पिल्ले असा गट आणला तरच त्याचा उपयोग होतो (कारण प्रश्न ६ मध्ये).

१३. पुण्याला कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात याचे प्रजनन केंद्र का काढत नाहीत?

हा प्रश्न पुणेकर हमखास विचारतात आणि त्यामागची आपुलकी समजण्यासारखी आहे. पुण्याची कोरडी हवा आणि हिवाळ्यातील रात्रीची थंडी हे कारण बहुतेक जण स्वतःच सुचवतात. ते फारसे टिकत नाही, कारण उबदार खोल्यांच्या आधाराने हीच माकडे युरोपातील हिवाळा काढतात. खरी अट वेगळी आहे. प्रजनन केंद्र म्हणजे प्रेक्षकांच्या नजरेआड, एकाहून अधिक कळप, वेगळे केलेले नर आणि गाभण माद्या यांच्यासाठी उंच, झाडांनी भरलेली आवारे, आणि तीस-चाळीस वर्षे न डगमगता चालणारा खर्च. एवढी तयारी नसताना हौसेखातर एक जोडी आणून ठेवली, तर मूळ समूहातून दोन माकडे वजा होतात, इतकेच घडते. मोजक्या ठिकाणी मोठे कळप असणे हे अनेक ठिकाणी जोड्या असण्यापेक्षा कधीही चांगले. रविवारच्या गर्दीला नवे माकड दाखवण्याची इच्छा वेगळी आणि जात टिकवणे वेगळे.

१४. ब्राझीलमध्ये पिंजऱ्यातील माकडे जंगलात सोडून जात वाचवली, असे वाचले. मग सिंहपुच्छ का सोडत नाहीत?

ते उदाहरण सोनेरी सिंह टॅमरिन या छोट्या माकडाचे आहे. १९७० च्या दशकात त्यांची जंगलातील संख्या काहीशेवर आली होती. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाच्या पुढाकाराने अनेक देशांनी त्यांचे प्रजनन केले आणि १९८४ पासून त्यांना रिओ दि जानेरो राज्यातील जंगलात सोडले. सुरुवातीची बरीच माकडे मेली, कारण त्यांना लवचीक फांद्यांवर चालणे आणि अन्न शोधणे माहीत नव्हते. जंगलात जन्मलेली त्यांची पिल्ले मात्र टिकली. आज जंगलातील सुमारे एक तृतीयांश टॅमरिन या सोडलेल्यांचे वंशज आहेत. २०१६ ते २०१८ या काळातील पीतज्वराच्या साथीने त्यांची संख्या ३,७०० वरून २,५०० पर्यंत घसरली, आणि २०२३ च्या मोजणीत ती ४,८०० च्या आसपास गेली.

दोन फरक लक्षात घ्यावे लागतात. टॅमरिनला बहुधा जुळी होतात आणि ती कमी वयात प्रजननक्षम होते, त्यामुळे संख्या लवकर सावरते. शिवाय तिथे मोकळे, पण माकडे नसलेले जंगल उपलब्ध होते. सिंहपुच्छाच्या बाबतीत जे जंगल चांगले आहे, तिथे बहुतेक ठिकाणी त्याचेच कळप आहेत, आणि जे तुकडे रिकामे आहेत, ते कळप जगेल इतके मोठे नाहीत. म्हणून संग्रहालयातील सिंहपुच्छांना जंगलात सोडण्याचा मोठा कार्यक्रम आजवर झालेला नाही.

१५. मग हा सगळा पैसा जंगलावरच का खर्च करू नये?

बराचसा करावाच. तमिळनाडूतील वालपराई येथे चहाच्या मळ्यांमधील रस्त्यांवर नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेने वन विभागाच्या सहकार्याने झाडांना जोडणारे पूल बांधले आणि गाड्या थांबवणारे राखणदार नेमले. तेथील माकडे ते पूल वापरतात. केरळमध्ये सायलेंट व्हॅलीतील धरणाला झालेला विरोध आणि १९८४ साली तिथे झालेले राष्ट्रीय उद्यान यांमुळे जितके सिंहपुच्छ वाचले, तितके कोणत्याही पिंजऱ्याने वाचवलेले नाहीत. २०११ साली कर्नाटकाने अघनाशिनी खोऱ्यात या माकडासाठी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. परंतु साथ, वणवा किंवा जंगलाचा एखादा तुकडा नाहीसा होणे यांसाठी बंदिवासातील निरोगी समूह हाताशी असावा लागतो, आणि संकट आल्यावर तो उभा करता येत नाही. किती वर्षे लागतात, ते प्रश्न ६ मध्ये आलेच आहे.

१६. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची सिंहपुच्छ माकडे वेगळी आहेत म्हणतात. पिंजऱ्यात ती मिसळली तर चालते का?

हैदराबाद येथील सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतील संशोधकांसह एका गटाने २०१५ साली दाखवले की केरळमधील पालक्काड खिंडीच्या उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील माकडांचे मातृवंश, म्हणजे आईकडून चालत आलेले वंश, सुमारे २० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. जुन्या बंदिवान समूहांतील मूळ माकडे कोणत्या बाजूची होती, याची नोंद बहुधा नाही, त्यामुळे मिसळण झालेली असणे शक्य आहे. भारतात, जिथे मूळ ठिकाण ठाऊक आहे तिथे, दोन्ही वंश वेगळे राखावेत. परदेशातील आक्रसलेल्या समूहात मात्र हा निकष कडकपणे लावला, तर जोड्या जुळवायला माकडेच उरणार नाहीत. तिथे आधी पिल्ले होणे महत्त्वाचे, असे मला वाटते.

१७. सिंहपुच्छ आणि दुसऱ्या मकाकची संकरित पिल्ले झाली, तर ती समूहात धरतात का?

धरत नाहीत. मकाक जाती बंदिवासात एकमेकींशी जुगू शकतात आणि पूर्वी एकाच पिंजऱ्यात अनेक जाती ठेवल्या जात, तेव्हा असे प्रकार घडलेही आहेत. संकरित प्राण्याला वंशनोंदवहीतून वगळतात, त्याचे प्रजनन होऊ देत नाहीत आणि त्याला आयुष्यभर सांभाळतात. अपवाद एकच आहे: ज्या कळपातील तरुण माद्यांनी पिल्लू कधी पाहिलेले नाही, तिथे अनुभवी संकरित मादी केवळ सोबतीण म्हणून ठेवता येते. मात्र तिथे नर नसावा किंवा तिला गर्भनिरोधक दिलेले असावे.